एका कॉम्प्युटरात दोन बिऱ्हाडं

आपल्या या पानावर इंदूरच्या मराठी घरांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. रामबागेतली घरं, गणपतीतली नाटकं, सराफ्यातली रात्र, रविवारचे पोहे-जिलेबी. वाचताना प्रत्येकाला आपलं काहीतरी सापडतंच. मी आज जे लिहून राहिले त्यात यातलं काही नाही. १९९८ ते २००९ या काळात आमच्या घरी जो कॉम्प्युटर होता त्याची ही हकिकत. त्या एका मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी नांदत होत्या. माझ्या आजोबांनी, म्हणजे अप्पांनी, सांगितलेल्या आठवणी आज आमच्या घरात वाचता येतात त्या या व्यवस्थेमुळे. थोडं तांत्रिक आहे, पण सगळ्यांना समजेल असं लिहिते.

आमचा कॉम्प्युटर १९९८ च्या दिवाळीनंतर आला. असेंबल्ड. सेलेरॉन प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ६.४ जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ९८. आईने त्यावर क्रोशाचं कव्हर घातलं. दादा इंजिनिअरिंगला होता, त्याच्या अभ्यासासाठी घेतला असं सगळ्यांना सांगितलं गेलं. पण बाबांच्या मनात वेगळंच होतं. अप्पा तेव्हा ८२ वर्षांचे होते, आणि त्यांच्या आठवणी टाइप करून ठेवायच्या हे बाबांनी ठरवूनच टाकलं होतं.

अप्पा १९१६ चे. तरुणपणी होळकर रियासतीत जमीन-महसुलाच्या कामाला लागले. १९४८ मध्ये रियासत मध्य भारतात गेली, १९५६ च्या १ नोव्हेंबरला मध्य प्रदेश झाला. अप्पा म्हणायचे, "खुर्ची तीच, टेबल तेच, वरचं सरकार तेवढं तीनदा बदललं." यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर संघाचे सामने, सी. के. नायडूंची फलंदाजी, दप्तरातली माणसं, गावोगावची मोजणी, घरातली लग्नं, सगळं त्यांच्या डोक्यात तारीखवार होतं. संध्याकाळी अप्पा आरामखुर्चीत बसून सांगत आणि बाबा वर्डमध्ये शिवाजी फॉन्ट लावून टाइप करत. बाबांची बोटं सावकाश चालायची. एका बैठकीत पान, फार तर दीड पान. २००१ पर्यंत १४० पानं झाली.

आता दुसरं बिऱ्हाड कसं आलं ते सांगते.

दादाला कॉलेजात युनिक्स आणि सी शिकवत होते. लॅबमध्ये टर्मिनल मोजकी, मुलं पुष्कळ, आणि घरच्या विंडोजवर युनिक्सचा सराव होणं शक्य नव्हतं. त्या वेळी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळायची. नव्वदीच्या शेवटी आपल्याकडच्या मध्यमवर्गी घरांत लिनक्स शिरलं ते बरंचसं अशा मासिकांच्या सीड्यांमधूनच. डायल-अपवर सहाशे एमबी उतरवायला किती रात्री लागल्या असत्या याचा हिशेब तुम्हीच करा. लिनक्स युनिक्सच्या वळणाचं आणि फुकट. एकाने घेतलेली सीडी दहा जणांनी वापरली तरी बेकायदा नाही. असेंबल्ड मशीनवरचं विंडोज कुठून आलं हे तेव्हा कुणी विचारत नसे, पण दादाला या गोष्टीचं फार कौतुक होतं.

१९९९ च्या दिवाळीच्या सुटीत दादा सीडी घेऊन आला आणि घरात वाद सुरू झाला.

बाबा म्हणाले, "हे काय करून राहिला तू? अप्पांचं लिखाण आहे त्यात."

दादा म्हणाला, "बाबा, तुमच्या सामानाला हात नाही लावत. मागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात, तेवढ्या घेतो."

अप्पा ऐकत होते. डिस्कची वाटणी करायची आहे एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणाले, "वाटणी करायची तर आधी मोजणी करा, मग हद्दीचा दगड रोवा. उलट केलं की भांडणं."

गंमत म्हणजे डिस्कची वाटणी अगदी अशीच होते. विंडोज आपल्या फायली डिस्कभर जागा मिळेल तशा विखरून ठेवतं. म्हणून आधी डीफ्रॅग चालवायचं. ते सगळं सामान पुढच्या बाजूला गोळा करतं आणि मागची जागा सलग रिकामी होते. मग फिप्स नावाचा एक छोटा डॉस प्रोग्रॅम ती मागची रिकामी जागा कापून वेगळी करून देई. तो लिनक्सच्या सीडीवरच असायचा. डीफ्रॅग रात्रभर चाललं. बाबांनी त्याआधी अप्पांच्या फायली फ्लॉप्यांवर घेतल्या, प्रत्येकीच्या दोन-दोन प्रती, आणि त्या फ्लॉप्या देवघराखालच्या कपाटात ठेवल्या. सकाळी विंडोजला साधारण ४ जीबी राहिले आणि लिनक्सला २ च्या वर मिळाले.

वाटणीची नोंद कुठे असते हे दादाने अप्पांना समजावून सांगितलं. डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटांचा एक तुकडा असतो, त्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटांत मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटांत चार वाटण्यांची नोंद, शेवटच्या दोन बाइटांत खूण. झालं. अप्पा हसले. "एवढ्या मोठ्या वाड्याचा खसरा एवढ्याशा चिठ्ठीवर!"

आता मेख अशी की ही चिठ्ठी एकच, आणि विंडोज टाकलं की ते कुणाला न विचारता तिथे स्वतःचा प्रोग्रॅम लिहून मोकळं होई. लिनक्स मात्र तिथे 'लिलो' नावाचा दारवान बसवायचं, आणि तो विचारायचा, कुणाकडे जायचंय? म्हणून नियम असा, की आधी विंडोज टाकायचं, मग लिनक्स. पुढे एकदा मॉडेमच्या दुरुस्तीला मशीन एका दुकानात दिलं होतं. तिथल्या मुलाने विंडोज परत टाकून दिलं आणि लिलो गायब झाला. आई म्हणाली, गेलं वाटतं तुझं पेंग्विन. पण लिनक्सची एक फाइलसुद्धा हलली नव्हती, दारवान तेवढा उठवला गेला होता. दादाने बूट फ्लॉपीवरून लिनक्स सुरू केलं, लिलोची कमांड दिली, पाच मिनिटांत दारवान परत जागेवर.

त्या दारवानापायी घरात राजकारणही झालं. लिलो थोडा वेळ थांबतो आणि कुणी काही टाइप केलं नाही तर ठरलेल्या बिऱ्हाडात घेऊन जातो. ते ठरलेलं कोणतं असावं? दादाने लिनक्स ठेवलं होतं, थांबायची वेळ पाच सेकंद. बाबा चष्मा शोधेपर्यंत पडद्यावर पेंग्विन. मग तह झाला. ठरलेलं विंडोज, वेळ ३० सेकंद, आणि दोन्ही बिऱ्हाडांना दादाने नावं दिली. लिलोत नाव आपल्याला हवं ते देता येई. लिनक्सचं नाव लिनक्स, आणि विंडोजचं नाव त्याने दिलं 'अप्पा'. रोमन अक्षरांत अप्पा टाइप करून एंटर दाबलं की विंडोज सुरू. अप्पांना हे फार आवडलं. पाहुणे आले की ते स्वतः उठून करून दाखवत.

दुसरं भांडण घड्याळाचं. मशीनच्या आत एक बॅटरीवर चालणारं घड्याळ असतं. विंडोज त्यात आपली भारतीय वेळ ठेवतं. लिनक्स टाकताना दादाने तिथे ग्रीनिचची वेळ आहे असं सांगणारी खूण केली होती. त्यामुळे सकाळचे १० वाजले की लिनक्स त्यात साडेपाच तास मिळवून दुपारचे ३:३० दाखवी. आई म्हणायची, "पेंग्विनकडे चहाची वेळ झाली." ती एक खूण काढल्यावर दोन्ही बिऱ्हाडांची घड्याळं जुळली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. खरा प्रश्न निघाला तो २००० च्या उन्हाळ्यात.

लिनक्सला विंडोजची खोली बघता येई, विंडोजला लिनक्सची दिसत नसे. दादाने एक दिवस लिनक्समधून विंडोजची वाटणी जोडली आणि स्टारऑफिसमध्ये अप्पांच्या आठवणींची फाइल उघडली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. रोमन अक्षरांचा भुगा, मध्ये ब्रॅकेट, स्वल्पविराम, उद्गारचिन्हं. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं फाइल खराब झाली. दादाने मशीन बंद करून परत 'अप्पा'मध्ये नेलं. तिथे फाइल जशीच्या तशी, सुंदर मराठीत.

एकच फाइल, एकच डिस्क, एका बिऱ्हाडात मराठी आणि दुसऱ्यात भुगा. कारण असं की फाइलीत मराठी मुळात नव्हतीच. बाबा जी कळ दाबत तिचा रोमन क्रमांकच फाइलीत जाई. शिवाजी फॉन्ट त्या क्रमांकाच्या जागी देवनागरी चित्र काढे, एवढंच. फॉन्ट काढला की मुखवटा निघाला. आणि त्या काळी प्रत्येक फॉन्टचा मुखवटा निराळा. शिवाजीतलं लिखाण दुसऱ्या मराठी फॉन्टमध्ये नेलं तरी भुगाच. मराठी दैनिकांच्या साइटी उघडायच्या तर प्रत्येकीचा फॉन्ट आधी उतरवून घ्यायचा, हे तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. आपल्याच इंदूरातून १९९९ मध्ये वेबदुनिया हे पहिलं हिंदी पोर्टल निघालं, तो हाच काळ. ज्यांच्या घरी फक्त विंडोज होतं त्यांना या मुखवट्याचा पत्ता लागायला आणखी काही वर्षं लागली, नवं मशीन घेतल्यावर. आम्हाला तो लवकर लागला, कारण आमच्या एकाच मशीनमध्ये मुखवटा असलेली आणि नसलेली अशी दोन्ही घरं होती.

फॉन्टची फाइल लिनक्समध्ये नेली असती तर चित्रं तिथेही दिसली असती. दादाने पुढे ते करूनही बघितलं. पण शब्द शोधता येईना, अकारविल्हे लावता येईना, कारण मशीनच्या लेखी ते रोमनच राहिलं.

बाबांनी हे सगळं अप्पांना सांगितलं. अप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे ही तुमची मोडीच झाली की."

अप्पांच्या खोलीत एक लोखंडी ट्रंक होती. त्यात त्यांच्या वडिलांची पत्रं, हिशेबाच्या वह्या, काही पावत्या, सगळं मोडीत. अप्पा शाळेत मोडी शिकलेले. बाबांना ती येत नाही, आत्याला येत नाही, आम्हाला तर नाहीच. अप्पांनी त्या दिवशी जे सांगितलं ते बाबांनी आठवणींत जसंच्या तसं घातलंय. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी घरात दोन लिप्या नांदत होत्या. पोथी बाळबोधेत, पत्र आणि हिशेब मोडीत. दोन्ही वाचणारी माणसं घरोघरी होती, म्हणून मोडीतलं बाळबोधेत उतरवून ठेवावं असं कुणाला वाटलंच नाही. मग छापखाना आला, टाइपरायटर आला, शाळेतून मोडी गेली. आणि गरज वाटायला लागली तेव्हा वाचणारे संपत आले. "उतरवायचं ते दोन्ही वाचणारा माणूस बसलाय तोवर," अप्पा म्हणाले. "नंतर नुसती ट्रंक राहते."

त्या वाक्याचा परिणाम दोन कामांवर झाला. पहिलं लगेच सुरू झालं. अप्पा ट्रंकेतली पत्रं मोठ्याने वाचत आणि बाबा उतरवून घेत. अशी २३ पत्रं झाली. दुसरं काम होतं मुखवट्यातली मराठी खऱ्या मराठीत आणायचं. त्याला आणखी चार-पाच वर्षं जावी लागली, आणि याचं कारण आपल्या हातात नव्हतं.

हा इतिहास थोडक्यात सांगते, कारण मला तो नंतर कळला तेव्हा चकित झाले. १९९१ या एकाच वर्षात तीन गोष्टी घडल्या. लिनस टोरवाल्ड्सने फिनलंडमध्ये लिनक्स प्रसिद्ध केलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे आपलं राष्ट्रीय मानक आलं. आणि ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरीला १२८ जागा होत्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली होती. म्हणजे क ला कायमचा एक क्रमांक, ळ ला कायमचा एक क्रमांक, फॉन्ट कोणताही असो. कागदावर सगळं १९९१ लाच तयार होतं. पण नुसत्या क्रमांकाने देवनागरी दिसत नाही. वेलांटी मागे न्यायची, रफार वर चढवायचा, जोडाक्षर बांधायचं, हे काम ऑपरेटिंग सिस्टिमला यावं लागतं. विंडोज ९८ ला ते नीट येत नव्हतं. विंडोज २००० आणि एक्सपीला येत होतं. लिनक्सवर २००२ च्या सुमारास येऊ लागलं. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट खुल्या परवान्यावर दिले. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, म्हणजे ज्यांची श्रीलिपी आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे चालायची त्यांचेच.

मधली वर्षं घरात अवघड गेली. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं आणि पुढची दोन-तीन वर्षं मध्य प्रदेशात विजेचे काय हाल होते ते सांगायला नको. लिनक्स चालू असताना वीज गेली की परत सुरू करताना ते सगळी डिस्क तपासत बसे. चहा होऊन जाई. पुढे एक्स्ट-थ्री नावाची नवी पद्धत आली, तिच्यात डिस्कवर काही बदलण्याआधी त्याची नोंद वेगळी लिहून ठेवतात. दुकानदार रोजकीर्द ठेवतो तसं. वीज गेली तरी रोजकीर्द बघून काही क्षणांत हिशेब जुळतो. २००२ मध्ये ४० जीबीची दुसरी डिस्क घेतली तेव्हा दादाने तिच्यात दोन्ही सिस्टिमना वाचता आणि लिहिता येईल अशी एक सामाईक वाटणी ठेवली. आम्ही तिला अंगण म्हणत असू. अप्पांच्या फायली तिथे आल्या.

त्याच वर्षी, पावसाळ्यात, अप्पा गेले. ट्रंकेतली उरलेली पत्रं तशीच राहिली.

२००४ च्या शेवटी दादा नोकरीला पुण्यात होता आणि कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता. मी बी.एस्सी. करत होते. दादा फोनवरून सांगे, मी करत जाई. आधी एक तक्ता केला, शिवाजी फॉन्टमधला कोणता क्रमांक म्हणजे मराठीतलं कोणतं अक्षर. दीडशेच्या वर नोंदी झाल्या, कारण अर्धी अक्षरं आणि काना निराळे, जोडाक्षरं निराळी. मग त्या तक्त्यावरून अक्षरं बदलणारा छोटा पर्ल प्रोग्रॅम.

पण नुसत्या बदलाने भागेना. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाइप करतात. 'शिक्षण' लिहिताना आधी वेलांटी, मग श. युनिकोडमध्ये जसं उच्चारतो तसं, आधी श, मग वेलांटी. 'धर्म' लिहिताना जुन्यात ध, म आणि शेवटी वरचा रफार. युनिकोडमध्ये ध, मग र, मग म. म्हणजे प्रत्येक वेलांटी मागे आणि प्रत्येक रफार पुढे सरकवायचा. आणि आपल्या मराठीच्या खास जागा. 'वऱ्हाड'मधला र. साधा र धरला तर 'वर्हाड' होतं, रफार डोक्यावर चढतो. त्यासाठी वेगळा ऱ घ्यावा लागतो. इंदूरच्या छापखान्यांतून हिंदी वळणाच्या ल आणि श मध्ये मराठी लग्नपत्रिका छापून घेणाऱ्या आपल्या मंडळींना या बारकाव्याचं मोल सांगायला नको. 'ॲग्रीकल्चर', 'ॲडव्होकेट' हे शब्द अप्पांच्या बोलण्यात फार, आणि तेव्हा युनिकोडमध्ये ॲ ला स्वतंत्र क्रमांकच नव्हता. तो २००८ मध्ये आला. तोवर अ वर चंद्र ठेवून चालवलं.

आता बघा, हे ताडून कसं बघायचं? मूळ लिखाण खरं दिसे ते विंडोजमध्ये, नवं दिसे ते लिनक्समध्ये, आणि एका वेळी एकच चालू. दोन बिऱ्हाडं ठेवण्यातली ही खरी अडचण. मशीन बंद करा, चालू करा, लिलोला सांगा, दोन-तीन मिनिटं थांबा, तोवर कोणता शब्द बघायचा होता तेच विसरायला होतं. उपाय आत्याने काढला. तिने बाबांना विंडोजमधून सगळी १४० पानं छापायला लावली. मग कागद तिच्या हातात, पडदा माझ्यासमोर.

"अगं, इथे 'सूर्या' झालंय, अप्पांनी 'सुऱ्या' म्हटलं होतं. मोजणीच्या कॅम्पात चोर आले तेव्हाच्या सुऱ्या."

असं दोन महिने चाललं. आत्या अप्पांचा आवाज ओळखत होती. कागदावर शाई पुसट असली तरी अप्पा इथे काय म्हणाले असतील हे तिला कळे. प्रोग्रॅमने नव्वद टक्क्यांहून जास्त काम केलं असेल, पण माणसांची आणि गावांची नावं आत्यानेच वाचवली. २००५ च्या गुढीपाडव्याला फाइल पूर्ण झाली आणि अंगणात ठेवली. तीच फाइल मी ईमेलने दादाला पाठवली. त्याने ऑफिसातल्या एक्सपीवर उघडली आणि फोन केला. एकही फॉन्ट न पाठवता मराठी दिसून राहिली होती.

तरीही बाबांनी विंडोज ९८ काढू दिलं नाही. कुठे शंका आली तर मूळ बघता आलं पाहिजे. २००९ मध्ये मदरबोर्ड गेला तोवर ते होतं, वर्षातून एखाद्या वेळी 'अप्पा' टाइप करण्यासाठी. आज ती फाइल माझ्या मोबाइलवर आहे. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, सगळीकडे उघडते.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगते. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका मंडळाचं कपाट आवरलं. १९९६ ते २००३ च्या स्मरणिकांच्या फायली सीड्यांवर आहेत. पेजमेकरमध्ये, ज्या मराठी सॉफ्टवेअरवर केल्या ते प्रिंटर पोर्टला लॉक लावल्याशिवाय चालत नसे. ते दुकान बंद झालं, लॉक कुठे गेलं ठाऊक नाही, आणि तसं पोर्ट असलेलं मशीन कुणाकडे नाही. छापील अंकांपैकी तीन वर्षांचे सापडले नाहीत. त्यांत कुणाकुणाच्या आजी-आजोबांच्या मुलाखती होत्या हे जुन्या सभासदांना आठवतं. मजकूर सीडीवर आहे, पण तो मुखवट्यातला आहे, आणि मुखवटा हरवलाय.

वडोदरा, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, जिथे जिथे आपली मंडळी हे वाचत असतील तिथे तिथे अशी कपाटं असणार. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांचा त्या पंधरा वर्षांतला मजकूर बहुतेक असाच टाइप झालेला आहे. म्हणून एवढंच करा. जुन्या सीड्या, फ्लॉप्या, हार्ड डिस्का फेकू नका. फाइलीत कोणता फॉन्ट वापरला होता त्याचं नाव शोधून सीडीवर लिहा. ती फाइल नीट दिसणारं एखादं जुनं मशीन कुणाकडे चालू असेल तर आधी छापून घ्या, निदान पीडीएफ करा. आता शिवाजी, कृतिदेव यांसारख्या चलनातल्या फॉन्टांतून युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. आम्हाला जो तक्ता हाताने करावा लागला तो आता करावा लागत नाही. पण ताडून बघायला माणूस लागतोच. ज्याने ते टाइप केलं किंवा ज्याचं ते बोलणं आहे, तो असेपर्यंत करा.

राहिली ट्रंक. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीलाही जागा मिळाली, म्हणजे आता मोडी मोडीतच टाइप करून ठेवता येते. वाचणारे मात्र शोधावे लागतात. अप्पांच्या वडिलांची ४० च्या वर पत्रं अजून उघडून वाचलेली नाहीत. इंदूरात किंवा आसपास कुणाला मोडी चांगली येत असेल, किंवा शिकवणारं कुणी माहीत असेल, तर खाली लिहा. मी पत्रं घेऊन येईन.